स्वच्छ लायसन्सचा भाव

ती घटना आठवली की आजही तोंड कडू होतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण फाइल बंद झाली की बहुतेकांचा राग ओसरत गेला. ही फाइल साध्या मोटार अपघाताची होती. तिचा राग मात्र दर वर्षी माझ्या गाडीच्या विम्याचं नूतनीकरण आलं की नव्याने उफाळतो. नाव कोणाचंच सांगणार नाही. ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना ती वाटत नाही, आणि ज्यांना वाटते त्यांना आणखी लाजवायची माझी इच्छा नाही.

मी तेव्हा बदलापूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. अपघाताचा गुन्हा म्हणजे ठाण्यातलं रोजचं दळण. पंचनामा, गाडी जप्त, आरटीओकडून तपासणी, चालकाला अटक, जामीन आणि सवडीने दोषारोपपत्र. चोरीच्या गुन्ह्यात आरोपी शोधावा लागतो, अपघातात तो आपल्या पायांनी चालत येतो. त्यामुळे अशा तपासात कोणी फारसं डोकं घालत नाही, हे ठाण्याबाहेरच्या काही लोकांना पक्कं ठाऊक असतं.

त्या दुपारी खरवईच्या पुढच्या वळणावर एका मोठ्या मोटारीने सायकलस्वाराला उडवलं. आमचे लोक पोहोचले तेव्हा मोटार गटारात नाक खुपसून उभी होती आणि आत कोणी नव्हतं. जखमीला एका रिक्षावाल्याने उल्हासनगरच्या सरकारी इस्पितळात नेलं होतं. खिशात ओळख पटण्यासारखं काही नव्हतं. वळणावर कॅमेरा नव्हता. शेजारच्या नव्या सोसायटीचा होता, तो आपल्याच गेटकडे तोंड करून.

संध्याकाळी चालक ठाण्यात हजर झाला. साठीच्या घरातला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली. हेंद्रेपाड्यात राहणारा, स्वतःच्या व्हॅनमधून अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टच्या कामगारांची ने-आण करणारा. सोबत उल्हासनगरचा एक विमा एजंट होता, आणि बोलायचं काम तोच करत होता.

"साहेब, काका एकदम सीधा आदमी. मालकांचा रेग्युलर ड्रायव्हर सुट्टीवर, म्हणून आज बदलीला घेतलं. पब्लिक मारेल म्हणून घाबरून निघून गेले. जामीन होणारं मॅटर आहे ना?"

"तुला विचारलंय का?" मी म्हणालो आणि म्हाताऱ्याकडे वळलो.

"मीच चालवत व्हतो साहेब," तो म्हणाला. "ब्रेक मारताना चप्पल सटकली."

लायसन्स पाहिलं. उभं आयुष्य व्यवसायाने गाडी चालवलेला माणूस, आणि त्याच्या नावावर अपघात सोडाच, साधा दंडसुद्धा नव्हता. जबाब नोंदवला, अटक दाखवली, जामिनावर सोडलं. गाडीचा मालक एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वरच्या जागेवर होता. त्याने येऊन, आपण दिवसभर घरीच होतो, असं सांगितलं. इंग्रजी पेरलेलं, अदबीचं बोलणं.

जखमी माणूस पहाटे गेला. रात्रीच त्याच्या बायकोने इस्पितळात येऊन ओळख पटवली होती. कारखान्यात पाळीने काम करणारा, घरचा एकटा कमावता. गुन्ह्यात मृत्यूचं कलम वाढलं, त्यामुळे चालकाला पुन्हा बोलावणं आलं. त्याला निरोप इतकाच गेला होता की सायकलवाला वारला.

तो यायच्या आधी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "ज्याला तुमी धरलाय ना, त्यानं ती गाडी चालवलीच नाय. जल्मात त्याच्या गाडीखाली मांजर पन आलेली नाय." फोन बंद झाला.

आरोपीच्या बाजूने असे फोन येतात, नवल नाही. पण लोक सहसा 'तो चांगला माणूस आहे, सोडा' म्हणतात. ही बाई 'चालवलीच नाही' म्हणत होती. मी एका जुन्या हवालदाराला हेंद्रेपाड्याच्या व्हॅन स्टँडवर पाठवलं. हवालदार चहा पिऊन माहिती काढण्यात वाकबगार. तो परत आला तो गालात हसतच.

"साहेब, काकांची व्हॅन बिल्डिंगखाली उभी आहे. विमा संपलाय, भरायला जमलं नाही. विम्याशिवाय आरटीओचं पासिंग नाही, पासिंगशिवाय धंदा नाही. आणि एक गंमत. स्टँडवर त्यांची चेष्टा करतात. काका चपला काढल्याशिवाय ड्रायव्हर सीटवर चढतच नाहीत. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिला चपलेचा पाय लावायचा नाही. नवीन कोणी चपला घालून चढला तर त्याला खाली उतरवतात."

मला हसू आलं नाही. जबाबातलं वाक्य आठवलं. चप्पल सटकली.

ते वाक्य त्याचं नव्हतंच. ज्याने त्याच्या तोंडात घातलं त्याने म्हाताऱ्याला कधी गाडी चालवताना पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर दुसरं एखादं कारण शोधलं असतं.

चालक आला. मी बसवलं, चहा मागवला. त्याने पुन्हा तेच सांगितलं, शब्द न शब्द तसाच. खरं सांगणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना थोडा चुकतो, मागचं पुढे करतो. पाठ केलेला चुकत नाही. मी वाद घातला नाही. त्याला ठाण्याच्या मागच्या आवारात नेलं. तिथे जप्त केलेल्या गाड्यांच्या रांगेत ती मोटार उभी होती. आरटीओची तपासणी आटोपली होती.

"काका, सीट कितपत मागे होती, तुम्ही कसे बसला होतात, जरा बसून दाखवा."

त्याने दार उघडलं. वाकून चपला काढल्या, जोडीने नीट बाजूला ठेवल्या. एक पाय आत टाकून उजवा हात स्टिअरिंगला लावला आणि कपाळाकडे नेला. तो हात अर्ध्यावरच थांबला. काय झालं ते त्याला माझ्या आधी कळलं होतं.

"चप्पल सटकली म्हणाला होतात," मी म्हणालो.

तो खाली उतरला आणि चपलांशेजारी जमिनीवरच बसला. "जाऊ द्या ना साहेब. कुनाचं तरी नाव लागनारच. माझं लागू द्या. तो एजंट बोलला, केस किरकोळ हाय, मानूस बरा व्हईल, आनि व्हॅनचा इन्शुरन्स तो भरून देनार."

"इतक्यासाठी?"

तेव्हा मात्र म्हातारा चिडला. "इतक्यासाठी? साहेब, दर साली तो हप्ता वाढतो. माझ्या लायसनवर येक डाग नाय. आमच्या स्टँडवर दारू पिऊन चालवनारे हायत, त्यांना जो हप्ता, तोच मला. मी ऑफिसात जाऊन इचारलं, माझ्या चांगल्या चालवन्याला काय भाव? तिथला पोरगा हसला. बोलला, काका, भाव गाडीला असतो, सीटला असतो, मानसाला नसतो. मंग या एजंटनं पयल्यांदा इचारलं, काका, तुमचं लायसन क्लीन हाय ना?"

सुक्याबरोबर ओलं जळतं, हे आपण म्हणीत म्हणतो. विम्याच्या धंद्यात तो नियमच आहे. प्रवासी गाडीचा सक्तीचा विमा गाडीचा प्रकार आणि आसनं पाहून ठरतो, चालवणारा हात कोणी पाहत नाही. आयुष्यभर जपलेलं लायसन्स कंपनीच्या लेखी कवडीमोल होतं. त्याला गिऱ्हाईक मिळालं ते गुन्ह्याच्या बाजारात.

तरी तो मालकाचं नाव घेईना. शब्द दिलाय, म्हणाला. मग मी त्याला मेलेल्या माणसाचं नाव सांगितलं. कामगार खरवईचा, एमआयडीसीतला, म्हणजे हा ओळखत असेल, एवढाच माझा अंदाज होता.

त्याने झटकन मान वर केली. "तो? मागच्या खिडकीपाशी बसनारा? माझा रोजचा पॅसेंजर हाय तो." मग भांबावून म्हणाला, "पन तो सायकलवर कशाला जाईल? तो तर माझ्या..."

त्याची व्हॅन उभी होती म्हणून तो माणूस सायकलवर होता. मी ते त्याला सांगितलं नाही, त्याची गरजही उरली नव्हती. आवारातला पहारेकरी पाणी घेऊन आला, ते त्याने घेतलं नाही. थोड्या वेळाने स्वतःच उठला आणि म्हणाला, "लिवा साहेब. समदं लिवा."

त्यानंतरचा तपास सरळ होता. मोबाइलची नोंद मागवली. अपघाताच्या वेळी म्हातारा हेंद्रेपाड्यात आणि मालक खरवईच्या वळणावर. मालक ओळखीच्या एका फार्महाऊसवर जेवायला गेला होता आणि, माझी खात्री होती, पिऊन परतत होता. अपघातानंतर त्याने पहिला फोन लावला तो विमा एजंटला. रुग्णवाहिकेला नाही, आम्हाला नाही. रस्त्यावर माणूस विव्हळत पडलेला असताना हा गाडीच्या विम्याचं काय होईल ते विचारत होता, हे पुढे एजंटनेच कबूल केलं. जखमीला आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर बोलले.

मालकाला समोर बसवलं तेव्हा नोंद बघून तो जराही डगमगला नाही. "इन्स्पेक्टरसाहेब, आय पॅनिक्ड. कोणीही झालं असतं. मी त्या फॅमिलीला मदत करायला रेडी आहे."

"प्यायला होतात?"

"नो, नो. विचारा ना तिथे कोणालाही."

विचारलं. जेवणाला हजर असलेल्या झाडून सगळ्यांनी एका सुरात सांगितलं की साहेबांनी फक्त कोकम सरबत घेतलं. उंदराला मांजर साक्ष. रक्ततपासणी करायची तर ती त्याच दिवशी करायला हवी होती, आता ते वरातीमागून घोडं झालं असतं. खोटा चालक उभा करायचा तो नेमका याचसाठी. मधले दिवस हवे असतात, आणि ते त्याला मिळाले होते.

मालकावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा आणि पुरावा दडवल्याचा गुन्हा लागला, एजंटवर कटाचा. आणि म्हाताऱ्यावर खोटी माहिती दिल्याचा. कायद्याने ते मला करावंच लागलं. मालकाला त्याच दिवशी जामीन झाला. म्हाताऱ्याचं लायसन्स निलंबित झालं, व्हॅन भंगारात गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी नको म्हणून मी धडपडलो, आणि चोरासोबत संन्याशालाही पिंजऱ्यात उभं करून आलो. तो फोन करणारी बाई त्याची बायको होती, हे तिने मला नंतर सांगितलं. मेलेल्याचं नाव तिला गल्लीत कळलं होतं आणि नवऱ्याला सांगायची तिची हिंमत झाली नव्हती.

लोक विचारतात, या प्रकरणाने काय शिकवलं. पोलिसाला वाटतं सत्य बाहेर काढलं की काम झालं. इथे सत्य बाहेर आलं आणि त्याचा पहिला फटका त्या विधवेला बसला. चालक खोटा निघाला म्हणताच विमा कंपनीने हात आखडता घेतला. सगळाच मामला संशयास्पद आहे, दारूची चौकशी व्हायला हवी, असं कंपनी म्हणत राहिली आणि भरपाईचा दावा न्यायाधिकरणात तारखांवर तारखा खात राहिला. खोटं तसंच चालू दिलं असतं तर तिला कदाचित लवकर काही मिळालं असतं. मी तपास पुन्हा केला तरी तसाच करीन. पण हे माहीत असून करीन, आणि झोप लागणार नाही तीही नाहीच लागणार.

निवृत्तीनंतर त्या दाव्यात साक्षीला गेलो होतो. बाहेरच्या बाकावर ती विधवा बसली होती, तिच्या शेजारी कागदांची पिशवी सांभाळत म्हातारा. प्रत्येक तारखेला तो तिच्या सोबतीला येतो, असं कळलं. तिने त्याला माफ केलं होतं की नाही, मी विचारलं नाही. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

तिथेच कंपनीचा एक माणूस भेटला, तपासाच्या वेळचा ओळखीचा. गप्पांच्या ओघात तो म्हणाला की मालकाने आपल्या मोटारीच्या दुरुस्तीचा क्लेम मागे घेतला, खिशातून खर्च केला. "हुशार माणूस. त्यामुळे त्यांचा नो क्लेम बोनस शाबूत राहिला. नव्या गाडीच्या हप्त्यात चांगली सूट मिळाली."

म्हातारा ऐकत होता. "म्हंजे काय साहेब?"

मला सांगावं लागलं. "म्हणजे कंपनीच्या हिशेबात त्यांच्या नावावर क्लेम नाही. म्हणून त्यांचा हप्ता कमी."

"आनि मानूस मेला तो?"

"तो त्या हिशेबात धरत नाहीत काका. मोटारीचा पत्रा धरतात."

कंपनीचा माणूस मोबाइल पाहू लागला. आत दाव्याचा पुकारा झाला, बाई उठली. म्हाताऱ्याने पिशवी काखेत मारली, दारापाशी वाकून सवयीने चपला काढल्या, आणि आत जाताजाता माझ्याकडे न बघता म्हणाला, "बराबर सांगितलं व्हतं त्या पोरानं. भाव गाडीलाच असतो."