एकसष्ट किलो, दोनशे पस्तीस ग्राम

त्याला सगळे खुंटा म्हणत. सतरा वर्षांत अडुसष्ट लढती झाल्या, त्यातल्या चोपन्न तो हरला, पण दहा आकडे मोजून होईपर्यंत जमिनीवर पडून राहिलाय असं एकदाही झालं नाही. ठोका, हलवा, खुंटा जागच्या जागी. देवाने कुणाला गळा दिला, कुणाला हिशेबाचं डोकं दिलं. याला मान आणि पाय दिले.

सुरुवातीला तो हरणारा नव्हता बरं का. विसाव्या वर्षी व्यावसायिक बॉक्सर झाला तेव्हा पहिल्या नऊपैकी आठ लढती त्याने मारल्या होत्या. मग उजव्या हाताचं हाड मोडलं. वर्षभर घरी बसला. परत आला तो दोन दिवसांच्या निरोपावर, दुसऱ्या कुणाच्या बदली. हरला, पण उभा राहून हरला. आयोजक शेठ खूश झाला. त्याला असाच माणूस हवा होता. शेठच्या हाताशी नवी पोरं असत. त्यांच्या गल्लीतले लोक, चुलते-मामे तिकिटं काढून येत ते त्यांना जिंकताना बघायला. त्यांच्यासमोर असा कुणीतरी लागतो, जो आठ राउंड टिकेल, पोराला शिकवेल आणि शेवटी पंचाने पोराचा हात वर केला की टाळ्या वाजवेल. खुंटा ते काम चोख करी. मिठी मारून पोराच्या कानात सांगे, "हळू, राजा. आठ राउंड आहेत. लोकांनी तिकिटं काढलीत." पोरं पुढे मोठी झाली, त्यांची चित्रं भिंतींवर लागली. खुंट्याचा फोन मात्र वाजत राहिला, आणि त्याला तेवढंच हवं होतं. या धंद्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. हरणाऱ्याने चुकून जिंकायला सुरुवात केली, की त्याचा फोन वाजायचा थांबतो.

एरवी तो थोरल्या बहिणीच्या लॉन्ड्रीत असे. पुढे काउंटर, मागे दोन धुलाईची मशीनं, वाफेची इस्त्री, आणि दाराशी गाठोडी तोलायचा काटा. हॉटेलांच्या चादरी तिथे किलोवर येत. रोज सकाळी सात वाजता, पहिल्या गाठोड्याच्या आधी, खुंटा चड्डीवर त्या काट्यावर उभा राही. इस्त्रीवाल्या मावशी तोंड फिरवून विचारत, "हे गाठोडं धुवायचं, की नुसतं वाळवायचं?"

"वाळवायचंच आहे, मावशी," तो म्हणे. "अजून सहाशे ग्राम."

लाइटवेट म्हणजे एकसष्ट किलो दोनशे पस्तीस ग्राम. त्यावर एक ग्राम नाही. लढत ठरली की शेवटचे चार दिवस तो मीठ सोडी, मग पाणी घोटाघोटावर आणी. दोन स्वेटर घालून बॉयलरशेजारी स्टुलावर बसे. ओठ फुटत, जीभ टाळूला चिकटे. ताई त्याच्यासमोर चहा पीत नसे, मागच्या दाराने बाहेर जाऊन पिई. लढतीला ती कधी गेली नाही. तेवढा वेळ मशीनं बंद करून, डोळे मिटून, देवाचं नाव घेत बसे. तो परत आला की जिंकलास की हरलास, ते विचारत नसे. म्हणे, "दात मोजलेस?"

"सगळे आहेत."

"मग हात धू नि जेवायला बस."

अडुसष्ट वेळा तो काट्यावर चढला, अडुसष्ट वेळा वजन बरोबर निघालं. जिंकणं-हरणं शेठच्या हातात होतं, पंचाच्या हातात होतं. काटा त्याच्या एकट्याच्या हातात होता.

एकोणसत्तराव्या लढतीचं वजन दुपारी बारा वाजता, एका हॉटेलच्या तळमजल्यावरच्या खोलीत होतं. खुंटा आता सदतीस वर्षांचा. समोरचा पोरगा बावीसचा, नऊ लढती, नऊ विजय. पोस्टरवर त्याचं नाव तुफान. खुंटा चढला. एकसष्ट दोनशे. उतरून त्याने ताईने दिलेला सुपाचा थर्मास नुसता हातात धरला. मग तुफान चढला, तोंडात अर्धं केळं होतं. काटा सरकला तो थांबेचना. बासष्ट सातशे.

खोलीत कुणी खोकलं. वजनं लिहून घेणाऱ्या तपासनिसाने पेन वर धरलं आणि शेठकडे पाहिलं. शेठने खुंट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"चालवून घे रे. कागदावर एकसष्ट-दोनशे लिहितो आपण."

याआधी चार वेळा त्याने चालवून घेतलं होतं. मान डोलवायची, सही करायची, घरी जायचं. यावेळीही मान हलायच्या बेतात होती.

"तू तसाही हरणारच आहेस," शेठ हसून म्हणाला. "तुला काय फरक पडतो?"

खुंट्याने थर्मास बाकावर ठेवला. चार दिवसांची तहान त्याच्या घशात होती, तिथे हा 'तसाही' जाऊन अडकला.

"नियम काय आहे, साहेब?" त्याने तपासनिसाला विचारलं.

तपासनीस चुळबुळला. "नियम... दोन तास. दोन तासांत उतरवायचं. नाहीतर लढत तुझ्या मर्जीवर."

"मग दोन तास. मी बसतो इथे."

शेठचा हात खांद्यावरून निघाला. "खुंट्या, उद्याचा दिवस आहे तसा परवाचाही आहे. माझ्याशिवाय फोन कोण करतं तुला?"

"कुणीच नाही," खुंटा म्हणाला. "तरी बसतो."

काट्याशेजारी खुर्ची ओढून तो खरंच बसला. थर्मासचं झाकण उघडून कढत सूप घोट-घोट पीत राहिला. घाई नाही. बाहेर तुफान प्लास्टिकचं जाकीट घालून जिने चढत-उतरत होता. सहा मजले वर, सहा खाली. मध्येच येऊन चढला. एकसष्ट नऊशे. पुन्हा जिना. त्याचे मास्तर खुंट्यापुढे येऊन हात जोडू लागले, "अहो, पोरगं आहे. उद्या उभं राहायचंय त्याला."

"मलाही," खुंटा म्हणाला.

पावणेदोनला पोरगा टॉवेलच्या आडोशाला कपडे काढून चढला. एकसष्ट दोनशे तीस. उतरला तेव्हा पाय थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते. खुंट्याने थर्मासमधलं उरलेलं सूप त्याच्यापुढे केलं. पोराने ते दोन्ही हातांनी धरून प्यायलं.

"काका, तुम्ही दर वेळी असं करता?"

"सतरा वर्षं."

पोराने रिकामा थर्मास झाकण लावून परत दिला.

घरी ताईने सगळं ऐकलं. ऐकता ऐकता तीच चादर तिने तीनदा घडी घातली. "म्हणजे फोन बंद," ती म्हणाली.

"बहुतेक."

"मग एक कर. फोन जाणारच आहे ना, मग फुकट घालवू नकोस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल गच्च भरलेला. पहिले तीन राउंड पोराचे. तरणं रक्त, रात्रभरात सावरलेलं, ठोसे सटासट येत होते. खुंटा मान आत ओढून, कोपरं बरगड्यांना चिकटवून सगळं झेलत होता. चौथ्यात पोराच्या श्वासाला आवाज आला. पाचव्यात टाचा जमिनीला टेकल्या. जिन्यावर सांडलेलं एका रात्रीत पुरतं भरून येत नाही, हे खुंट्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सहाव्या राउंडला मिठी मारली ती पोराने. लोंबकळलाच त्याच्या गळ्यात.

"काका, हळू," तो पुटपुटला.

"आज नाही, राजा."

दोरीबाहेरून शेठ ओरडला, "पुरे आता, खुंट्या!" पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. खुंट्याने वळून पाहिलं नाही. सातव्या राउंडला त्याचा डावा हात खालून, उजव्या बरगडीखाली, यकृतावर बसला. पोरगा आधी नुसता थांबला, काही विसरल्यासारखा. मग गुडघ्यांवर बसला. पंचाने दहा आकडे मोजले. खुंटा कोपऱ्यात उभा राहून ते मनात मोजत होता. पंचाने त्याचा हात वर केला तेव्हा क्षणभर त्याला कळेना, आता टाळ्या कुणी वाजवायच्या. माइकवाल्याला त्याचं नाव कागदात शोधावं लागलं.

घरी ताईने डोळे उघडले. "दात?"

"सगळे आहेत. त्याचेही."

आणि फोन थांबला. एक आठवडा, चार आठवडे, दहा. खुंटा गाठोडी वाहत राहिला, चादरी पिळत राहिला. आणि रोज सकाळी सात वाजता काट्यावर चढत राहिला. मावशींनी एकदा न राहवून विचारलंच, "अहो, बोलावणं नाही, सांगणं नाही, कशाला जिवाचे हाल करता?"

"वजन शेठसाठी नव्हतंच, मावशी."

तरी फोन शेजारच्या खोलीत वाजला की त्याची मान वळे. ताई ते बघे आणि बघितलं नाही असं दाखवी.

अकराव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, काउंटरवरचा फोन वाजला. ताईने उचलला. "लॉन्ड्री. ...हो, आहे ना. काट्यावर उभा आहे. थांबा." तिने फोन त्याच्याकडे लांबवला, भुवया वर केल्या.

शेठचा आवाज कोरडा होता. ऐनवेळी एकाने अंग काढून घेतलं होतं, परवा लढत होती, वजनात बसणारा दुसरा कुणी मिळत नव्हता.

"येतो," खुंटा म्हणाला. "पण आधी तुमचा पोरगा चढेल, मग मी. आणि आकडा जो दिसेल तोच लिहायचा. आतमध्ये जो जिंकेल तो जिंकेल."

"नखरे फार वाढले तुझे."

खुंट्याने खाली पायाशी पाहिलं. "वजन नाही वाढलं, शेठ. एकसष्ट एकशे ऐंशी. आत्ताच बघतोय."

पलीकडे शेठने घसा खाकरला. "उद्या बारा वाजता. उशीर करू नकोस."

खुंट्याने फोन ठेवला. ताईने आपला चहाचा कप उचलला आणि मागच्या दाराने बाहेर गेली.