आप्पांच्या दुकानात वाचलेला माझा लेख

गाडी हलली तेव्हा आप्पा माझ्याशी नाही, माझ्या शर्टाशी बोलत होते. खिडकीतून बाही चिमटीत धरून म्हणाले, "टेरिलिन? घामानं मरशील की रे तितं, बसू." मागून अव्वा, माझी आई, कानडीत विचारत होती, "ऊटा आत?" जेवण झालं का, म्हणून. तासाभरापूर्वी तिनंच वाढलं होतं. पण आमच्या घरात निरोपाला दुसरं वाक्यच नाही. साल एकाहत्तर. मी चौतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आणि सोलापूर सोडून निघालो होतो कशाला, तर मुंबईच्या एका महिला मासिकात साड्यांवर लिहायला. गल्लीभर हसू झालं. गल्लीचं फारसं चुकलं नव्हतं.

साडीतलं मला जे कळत होतं ते आप्पांमुळं. आमचं इरकलीचं दुकान. आप्पा गादीवर उभे राहून साडी स्वतःच्याच अंगावर लावून दाखवायचे. निऱ्या पोटाशी धरायच्या, पदर खांद्यावर टाकायचा आणि भरघोस मिशांआडून गिऱ्हाईक बाईला विचारायचं, "कशी दिसती?" मीही तसाच शिकलो.

संपादकबाईंनी पहिल्याच दिवशी माझं नाव बदललं. "बसवराज छापलं तर वाटेल, दुकानदार माल खपवतोय." मी मृणालिनी झालो. मृणालिनीला बायकांची पत्रं यायची. एकदा लष्करातल्या एका अविवाहित कॅप्टनचंही आलं. पहिली दोन वर्षं सूत, रंग, काठ यांवर चार-चार पानं लिहिली. मग गुळगुळीत कागद आला, रंगीत फोटो आले, कृत्रिम धाग्याच्या जाहिराती आल्या आणि माझी चाराची दोन पानं झाली. बाई म्हणाल्या, "नायलॉनवर लिहा. जरा जोरात." लिहिलं. 'धुवा, झटका, नेसा! इरकल आता आजीच्या पेटीतच शोभते.' दमलो होतो, असं मी स्वतःला अजून सांगतो.

अंक नेहमीसारखा घरी पाठवून दिला. आपण काय करून बसलो ते दिवाळीला गेलो तेव्हा कळलं.

मैंदर्गीची एक आजी नातीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आली होती. गठ्ठा सोडायच्या आधी आप्पांनी तो अंक काढला. "आमच्या बसूचं हाय हे. नाव बाईचं हाय, पण लिहिणारा आमचाच." आणि खणखणीत आवाजात वाचलं, आजीच्या पेटीसकट. नात म्हणाली, "मग नायलॉनच घेऊ की आज्जी." दोघी समोरच्या दुकानाची पायरी चढल्या. आप्पा माझ्याकडं वळून खुशीत म्हणाले, "बघ, कसं पटतंय लोकांला तुझं!"

"सगळ्यांना वाचून दाखवता?"

"मग? पोराचं हाय."

"आप्पा, हे नका वाचू."

त्यांनी चष्मा काढला. "का? खोटं हाय काय ह्यात?"

होय म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "फॅशन बदलतीय, आप्पा."

"असं व्हय," ते म्हणाले. "तू तितं बघतोस. मग खरंच असणार."

पुढच्या खेपेला गेलो तर फळ्यांवर नायलॉन. आप्पा तसेच उभे राहून अंगावर लावून दाखवत होते. पण पदर खांद्यावर ठरेना. घसरला की उचलायचे, परत घसरायचा. शेवटी डाव्या हातानं धरून ठेवला आणि बाईला म्हणाले, "लई हलकी हाय बघा, अंगावर हाय का न्हाय कळत न्हाय." हसले. मला एका शब्दानं बोल लावला नाही.

आता मासिकात माझं एकही पान नाही. फोटोखालच्या दोन ओळी लिहितो, त्यातलीही एक ओळ बाई कापतात. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत पोरं मोठी झाली; त्यांना सोलापूर म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. बायको म्हणते, हेच आता घर. असेलही. पण माझं लिहिणं तपासून न बघता, खरं धरून, मोठ्यानं वाचणारा माणूस मला इथं भेटला नाही. तो जिथं बसतो त्या जागेला मी मनातल्या मनात घर म्हणतो, आणि तिथं अंक पाठवणं मात्र केव्हाच बंद केलंय. आप्पा विचारतात, तेव्हा पोस्टावर ढकलतो.

आप्पा, अंक पोस्टात हरवत नाहीत. आणि त्या दिवाळीत तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर: होय, खोटं होतं. इरकलीत काही वाईट नव्हतं. हे गिऱ्हाईकासमोर वाचा.