उजव्या कानाचे साळवेकाका

कंपनीची बस मोशीच्या पुढे कांद्याच्या ट्रकांमागे अडकली होती, तेव्हा शेजारच्या माधुरीचा मेसेज आला. दोनच शब्द होते, ‘पप्पा गेले.’ मी पहिल्या शिफ्टला चाकणला निघाले होते. ड्रायव्हरला सांगून तिथंच उतरले, रस्ता ओलांडला आणि दिघीकडे परतणारी पहिली रिक्षा पकडली. रिक्षात मला रडू आलं नाही. डोक्यात सारखं एकच वाक्य फिरत होतं. रविवारी आमच्या मागच्या खोलीत बसून साळवेकाका मला म्हणाले होते, “दुसऱ्या कडव्यात दम कमी पडायलाय तुझा. बुधवारी बगू.” आणि तो दिवस बुधवार होता...

या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. हृदयविकाराचा झटका, झोपेतच. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. माधुरी, त्यांची मुलगी, हे सगळ्यांना सांगत होती, आणि सांगताना तिलाच त्याचा आधार वाटत होता.

साळवेकाका आमचे शेजारी. दिघीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एका मजल्यावर दोन घरं आणि दोन्हींच्या मध्ये एकच भिंत. तरुणपणी ते परभणीकडून भोसरीत आले, पत्र्याच्या एका खोलीत पाच जणांबरोबर राहिले आणि मग एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये लागले. सपाट पत्र्यावर टनावारी वजनाचा ठोका मारून गाडीचे दरवाजे काढणारी ती यंत्रं. सगळी नोकरी त्यांनी त्या ठोक्यांसमोर काढली आणि डावा कान तिथंच गेला. पण सुट्टीच्या दिवशी त्यांचं दुसरंच काम चाले. वस्तीतल्या गायन पार्टीचा माईक आणि स्पीकर तेच सांभाळत. जयंतीच्या कार्यक्रमांत मैदानाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीलाही गाण्यातला शब्द न् शब्द कळला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कान गेल्यावर पार्टीतल्या पोरांनी आडून आडून सुचवलं की आता दुसरा कुणीतरी बघू. काकांनी ते मनावर घेतलं नाही. उरलेला उजवा कान त्यांनी असा तयार केला की मी म्हणेन, दोन कानवाल्या कुणालाही तसं जमलं नसतं.

माझी आणि त्यांची खरी ओळख भिंतीतून झाली. मी चाकणच्या एका कंपनीत पार्ट तपासते, आणि रॅप करते. हे मी आता सहज सांगते. त्या वेळी घरात फक्त आईला माहीत होतं. वडिलांना वाटायचं, पोरगी फोनवर कुणाशी तरी भांडते. साठवलेल्या पगारातून मी एक साधा माईक आणला होता आणि मागच्या खोलीच्या मधोमध, फरशीवर उभी राहून, पंख्याखाली रेकॉर्ड करत होते. ऐकलं की वाटायचं, मोरीत उभं राहून कुणीतरी ओरडतंय. मग तो दोष झाकायला मी बीट मोठं करायचे, वर एको लावायचे, आणि होतं नव्हतं तेही बुडून जायचं.

एका रविवारी दुपारी दारावर थाप पडली. दारात काका.

“माय, दोन महिने झाले आयकायलोय. काय म्हणायलीस तू?”

“रॅप आहे काका.”

“असंल. पण शब्द कामून येईनात?”

मी एकवीस वर्षांची होते आणि माज होता. मी म्हणाले, “काका, तुम्हाला एका कानानं ऐकू येत नाही ना, म्हणून असेल.” बोलले आणि जीभ चावली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिचा चेहरा पडला होता. काका मात्र हसले. “बरोबर हाय. लोकं फोनवर आयकतेत न्हाई का? फोनला तरी एकच तोंड असतंय. मला कळलं तर समद्यांना कळंल.” आणि चपला काढून आत आले.

पुढचा तासभर त्यांनी माझं गाणं ऐकलंच नाही, खोली ऐकली. मधोमध उभं राहून टाळी वाजवली, कोपऱ्यात जाऊन वाजवली, खिडकीपाशी वाजवली. प्रत्येक वेळी मान वाकडी करून उजवा कान पुढे. “तू बोलायच्या आधी ही खोलीच बोलायली. हिला गप्प कर आधी.” मागची खिडकी लष्कराच्या जागेकडे उघडते. तिकडे झाडं आणि मोर, गाड्यांचा आवाज नाही. पण बाकी तिन्ही बाजूंना उघड्या भिंती आणि खाली गुळगुळीत फरशी. त्यांनी आईचं साड्यांचं कपाट सताड उघडायला लावलं आणि मला त्याच्याकडे तोंड करून उभं केलं. पाठीमागे दोरीवर दोन जाड ब्लँकेटं आणि पायाखाली गादी. पंखा बंद. मग माझ्या तोंडासमोर त्यांनी तळहात धरला. “भ म्हण.” मी म्हणाले. “वारा लागला. हाच वारा माईकवर धडकायलाय, म्हणून तुझं ‘भोसरी’ फुटतंय.” माईक तोंडापासून वीतभर लांब आणि समोर न ठेवता जरा बाजूला, गालाच्या रेषेत. माईकचं बटण मी ठेवलं होतं त्याच्या अर्ध्यावर. “वरडल्यावर फाटलं न्हाई पायजे. ल्हान आवाज मागून मोठा करता येतो, फाटलेला शिवता येत न्हाई.”

त्या दिवशी घामाघूम होऊन मी आठ ओळी म्हटल्या. लावून ऐकल्या, आणि मला माझाच आवाज पहिल्यांदा भेटला. कोरडा, जवळचा, जरासा घोगरा. आई दारात उभी होती. ती म्हणाली, “अगं, हे तू आपल्या नळाच्या भांडणावर लिहिलंयस होय?” दोन महिने ती तेच गाणं ऐकत होती.

मग दर रविवार त्यांचा झाला. गायन पार्टीत शिकलेलं सगळं ते माझ्या वहीवर ओतायचे. पेन्सिलीनं ओळीत खुणा करायचे, इथं श्वास घे, इथं घेऊ नको, इथं घेतलास तर ऐकू येऊ दे. ओळीचा शेवटचा शब्द पुन्हा एकदा म्हणून मूळ आवाजाखाली हळूच ठेवायचा, म्हणजे तो ठसतो, हे मी नेटवर पाहून त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, “आमच्याकडं मागं चार कोरसवाले हेच करायचे.” कॉम्प्युटरला त्यांनी कधी हात लावला नाही. मी काहीतरी फिरवायचे आणि ते डोळे मिटून सांगायचे, “वर लई चरचरायलंय, कमी कर... अजून... आता थांब.” आणि तिथंच ते बरोबर असायचं.

मग मी एक चूक केली. ती इथं लिहिणं मला भाग आहे, कारण तिच्याशिवाय काका कळणार नाहीत.

मी त्यांच्यावरच एक गाणं लिहिलं. त्यांना न विचारता. प्रेस शॉप, ठोका, कान. त्यात दोन ओळी होत्या:

एक कान घेऊन बसला कोपऱ्यात बिचारा,
दुसऱ्या कानी वाजतो फक्त प्रेसचा नगारा.

रविवारी मी त्यांना ते ऐकवलं. शब्द न् शब्द स्वच्छ आला होता, त्यांनी शिकवला होता तसाच. त्यांनी वही ओढून त्या ओळींवर पेन्सिल टेकवली. मग म्हणाले, “नगारा चांगला हाय. बिचारा काढ.”

“काका, यमक जातं.”

“जाऊ दे की. तुला शब्दाची काय कमी हाय?”

मी हो म्हटलं, आणि काढलं नाही. त्याच आठवड्यात गाणं तसंच नेटवर टाकलं. ते चाललं. कंपनीतल्या पोरी बसमध्ये म्हणायला लागल्या, अनोळखी लोकांनी लिहिलं, काटा आला. पुढच्या रविवारी काका आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी स्वतःला सांगितलं, तब्येत बरी नसेल. शेवटी माधुरीनंच जिन्यात गाठलं. भोसरीत चहाच्या टपरीवर त्यांचे जुने सोबती भेटले होते, आणि एकानं लांबूनच हाक मारली होती, ‘काय बिचारा, कसं काय?’ सगळे हसले, काकाही हसले. “घरी येऊन जेवले नाहीत,” माधुरी म्हणाली. “तुला बोलायचं नाही म्हणून बजावलंय त्यांनी मला.”

मी त्याच दिवशी गाणं काढून टाकलं आणि शेजारचं दार वाजवलं. काका खुर्चीत बसले होते. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकून घेतली, पण लगेच बरं बरं म्हणून मला सोडवलं नाही. “आयक माय,” ते म्हणाले, “कान गेला त्याचं मला वाईट वाटतं. न्हाई असं न्हाई. पण मशीनपुढं मी कधी बिचारा नव्हतो. ठोक्याच्या आवाजावरनं मी सांगायचो, साच्याची डाय झिजलीय, बंद करा. साहेब मोजून बघायचे आणि मग बंद करायचे. रस्त्यानं एवढ्या गाड्या जातेत, त्यातले किती दरवाजे माझ्या हातनं गेलेत... ते लिही ना.”

मी रात्रपाळ्यांसकट तो आठवडा त्या दोन ओळींवर घालवला. रविवारी काका आले. माझा विचार होता, तेवढ्या दोन ओळी नव्या म्हणून मधे चिकटवाव्यात. केल्याही. पण त्या दिवशी घसा वेगळा होता, अंतर वेगळं होतं, जोड ऐकू येत होता. “ठिगळ दिसायलंय,” काका म्हणाले. “समदं परत म्हण. पहिल्यापासून.” सहा वेळा म्हटलं. सहाव्यांदा ते फक्त मान डोलावत राहिले:

ठोक्यामागं ठोका ओळखत उभा पुन्हा पुन्हा,
एका कानात मावतो त्याच्या अख्खा कारखाना.

हेच गाणं मी भोसरीच्या एका हॉलमध्ये पहिल्यांदा स्टेजवर केलं. माझ्या आधीच्या तिघांचं काहीही कळलं नव्हतं, हॉल नुसता घुमत होता. मी स्टेजवर चढत असताना पाहिलं, काका साउंडवाल्याच्या टेबलापाशी उभे. तो हातवारे करून त्यांना बाजूला व्हायला सांगत होता. काका हलले नाहीत. शेवटी त्यानं वैतागून दोन बटणं खाली ओढली, आणि माझी पहिली ओळ पार मागच्या भिंतीपर्यंत जशीच्या तशी गेली. तोवर काका मागच्या भिंतीशी पोहोचले होते. स्टेजकडे उजवा कान करून, म्हणजे माझ्याकडे न बघता. कारखान्याची ओळ आली तेव्हा हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या. प्रेस शॉपमधले त्यांचे ते टपरीवरचे सोबतीही आले होते; त्यांतला एक जण खुर्चीवर उभा राहिला. एव्हाना माझ्या वडिलांनाही सगळं कळलं होतं, ते पहिल्या रांगेत होते. घरी येताना त्यांनी मला एवढंच विचारलं, “पुढचं गाणं कुणावर?”

काका गेले आणि माझं शिकणं संपलं, असं मला वाटत नाही. त्यांनी मला पुरेसं देऊन ठेवलंय. दुसऱ्या कडव्यातला दम मी स्वतःच शोधला. एक ओळ कमी केली, जागा झाली. चुकलं असतं तर ते भिंतीवर टकटक करून बोलले असते, ते आता होणार नाही, एवढंच.

परवा माधुरी आणि मी संध्याकाळी स्टॉपवरून घरी चालत येत होतो. बोलता बोलता ती माझ्या उजवीकडे आली. माझ्याही नकळत मी मागून वळसा घेऊन तिच्या उजवीकडे गेले. दहा पावलांवर ती पुन्हा फिरली. मग मी. एक टूव्हीलरवाला आमच्यावर खेकसून गेला. “तू सारखी इकडं का येतेस गं?” माधुरीनं वैतागून विचारलं, आणि विचारता विचारताच थांबली. इतकी वर्षं काकांशी बोलत चालायचं तर त्यांच्या उजवीकडूनच चालावं लागे. तिला बालपणापासूनची सवय, मला त्या रविवारांपासूनची. आम्ही दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून हसलो, मग डोळे पुसले. पुन्हा चालायला लागलो, आणि बिल्डिंगच्या फाटकापर्यंत आमच्या जागा बदलतच राहिल्या.