पाटी मागं पळायच्या आत

चांगुणाला टेम्पो चालवता येत होता. शेतात, बांधावर, उलटासुद्धा झकास घ्यायची. येत नव्हतं ते वाचायला, आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. परवान्याच्या परीक्षेत प्रश्न कॉम्प्युटरवर लिहून येतात आणि एकेकाला मोजकीच सेकंदं मिळतात.

नवरा पुंजाराम याच्या पाठीचा मणका सरकला, तेव्हापासून संगमनेरला दूध घालायचा टेम्पो दीर कल्याण चालवायचा. आता त्याला पुण्यात नोकरी लागली होती. "दिवाळीनंतर मी जानार. तवर तुमाला परवाना न्हाई मिळाला तर टेम्पो इकून टाकू, वहिनी," तो म्हणाला. चांगुणा भडकली. दावणीची एक गाय तिनं कधी विकू दिली नव्हती, टेम्पो बरा विकू देईल!

पहिल्या खेपेला ती लोकांचं ऐकून फसली. गावातल्या दोघातिघांनी उत्तरांचा क्रम सांगितला, तिनं तो पाठ केला. परीक्षेत प्रश्न आले भलत्याच क्रमानं. नापास! येताना कल्याण वाटभर हसत होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच दिवशी तिनं नववीतल्या लेकीला, राजनंदिनीला, समोर बसवलं. अक्षरं महिनाभरात आली. पण बाई आपली 'क कमळाचा, म मक्याचा' म्हणत बसायची, शब्द काही व्हायचा नाही.

"आई, कमळ सोड गं! नुसता आवाज काढ आन फुडच्याला चिकटव."

चिकटवायलाही शिकली. तरी वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायची. अशानं सेकंदं कशी पुरायची?

उपाय तिचा तिनंच काढला. रोज सकाळी दुधाच्या कॅनबरोबर टेम्पोत पुढं बसून रस्त्यावरच्या पाट्या वाचायच्या. टेम्पो काही तिच्यासाठी थांबत नव्हता. पाटी मागं पळायच्या आत शब्द तोंडात यायला हवा. मग काय, पहिलं अक्षर बघून ठोकून द्यायची. एकदा 'रसवंती' बघून "रस्ता बंद!" म्हणून ओरडली, तसा कल्याणनं गचकन ब्रेक मारला आणि दोन कॅन कलंडले.

"अवो वहिनी, शेवटपोत्तर बघत जा की!"

सांडलेलं दूध बघून तिला रडू कोसळलं. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा पुढंच बसली. पावसाळा सरता सरता पाट्या पुऱ्या वाचू लागली, एवढंच नाही, वाचून बोलूही लागली. "भावजी, उद्या शेळ्यांना फुकट लस टोचनार हायेत, बोर्ड लावलाय बगा."

मग ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसली. एक प्रश्न आला: मागून रुग्णवाहिका येत असेल तर काय कराल? त्या लांबलचक शब्दाशी ती अडखळली. जोडला, आणि वाक्य पहिल्यापासून सलग वाचलं. काय कराल म्हणे! बाजूला होऊ, दुसरं काय! तिनं उत्तरावर बोट टेकलं. अशी एकेक उत्तरं देत ती पास झाली.

बाहेर कल्याणनं हात पुढं केला. "द्या कागद, वाचून सांगतो. शिकाऊ परवाना हाय हा. पक्का व्हायला महिना लागंल, तवर आपलं शेतातच चालवा."

"थांबा जरा."

भर आवारात उभं राहून तिनं कागद वरपासून खालपर्यंत वाचला. खालची एक ओळ तर दोनदा वाचली.

"पक्का परवानावाला शेजारी बसला की रस्त्यावर चालवता येतं, असं लिवलंय हितं," ती म्हणाली. "चावी द्या, भावजी. आन सरका तिकडं."