बिनधुराची फटफटी

माझी फटफटी मी ऑफिसच्या लिलावात घेतली. दुसरं कोणी बोली लावायला उभंच राहिलं नाही. कित्येक वर्षं तिला हाणणारा मीच होतो, त्यामुळे तिच्यात काय उरलंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत मी टपाल पोचवायचो. शिक्षण चौथी. इंग्रजी पत्ते वाचता येत नसत, अक्षरांच्या आकारावरून ओळखायचो, आणि एकही पाकीट चुकीच्या टेबलावर टाकलं नाही. हे मी कौतुक करून घ्यायला सांगत नाही. आहे ते असं आहे.

इंजिन शंभर सीसीचं, टू-स्ट्रोक. ज्यांनी अशी गाडी चालवली नाही त्यांना सांगतो, हिला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात ऑइल मिसळून द्यावं लागतं. आतल्या पिस्टनला वंगण काय ते तेवढंच. म्हणून मागून निळा धूर निघतो. आमच्या मुनिरक्याच्या गल्लीत भाड्यानं राहणारी कॉलेजची मुलं नाक दाबून म्हणायची, "अंकल की मच्छर मारने की मशीन आ गई." मी मुद्दाम थांबून आणखी एकदा रेस करायचो.

रिटायर झालो तेव्हा पिस्टन गेलेला होता, क्लच घसरत होता. पेन्शनीत दुरुस्तीचा खर्च बसेना. जिन्याखाली तिला लावली आणि वर जुनी चादर टाकली. त्याच सुमारास मुलानं गुडगावात फ्लॅट घेतला. आता गुरुग्राम म्हणतात. तेव्हा तिथं मोहरीच्या शेतात मधेच काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि शेजारी म्हशी बांधलेल्या असायच्या. एका रविवारी तो आम्हा दोघांना फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. लिफ्ट, दोन बाथरूम, स्वयंपाकघरात उभ्याचा ओटा. आमची ही हरखून गेली, नळ उघडून बघ, खिडकी सरकवून बघ. मी बाल्कनीतून खाली बघत होतो. गेट, गेटवर वर्दीतला माणूस, बाहेर रुंद रस्ता आणि रस्त्यावर पायी चालणारं एक माणूस नाही. बस नाही, रिक्षा नाही, फुटपाथ तर नाहीच.

"इथं भाजीला जायचं कसं?" मी विचारलं.

"फोन करायचा बाबा, दुकानवाला वर आणून देतो."

"आणि मला कुणाकडं जायचं असलं तर?"

"मी नेईन ना. संडेला बोला, बिल्कुल नेईन."

आयुष्यभर मी लोकांची पाकिटं पोचवली. आता माझंच पाकीट करून हा मला रविवारी पोचवणार होता.

"मी माझी फटफटी आणतो," मी म्हणालो.

"ती? बाबा यार! एकच पार्किंग आहे, तिथं माझी मोटरसायकल लागते. ती तर कबाड आहे. देऊन टाका आता."

"कबाड पानिपतला जातं का रे?"

आमच्या घरात पानिपत म्हटलं की काय ते त्याला माहीत होतं. संक्रांतीचा दिवस म्हणजे पानिपतावर आपली माणसं पडली तो दिवस. दिल्लीतली पुष्कळ मराठी मंडळी त्या दिवशी काला अंबला, म्हणजे तिथल्या स्मारकाला जातात, भाषणं होतात, हार घालतात. आम्ही भाषणाला थांबत नसू. लग्न करून आणल्यावर पहिल्याच संक्रांतीला मी हिला ऑफिसच्या फटफटीवरून, साहेबाला विचारून, तिथं नेलं. हिनं स्तंभाच्या पायाशी मूठभर तिळगूळ ठेवला. म्हणाली, "यांना त्या वर्षी कुणी दिला नसेल." तेव्हापासून दर संक्रांतीला जायचो. फटफटी उभी राहिली तसं तेही थांबलं.

मुलगा म्हणाला, "चलो, डील करू. संक्रांतीला आईला घेऊन पानिपतला जा. फटफटी चालत गेली आणि चालत परत आली, तर पार्किंग तिची. माझी मी बाहेर रोडवर लावीन. नाही आली, तर कबाडी. मग हट्ट नाही करायचा."

"कबूल."

"पार्टचा खर्च मी देतो."

"तुझा एक पैसा लागणार नाही मला," मी म्हणालो. गेटवरच्या वर्दीवाल्यानंसुद्धा वर बघितलं.

दिवाळी नुकतीच झाली होती. मी चादर काढली. नवे पार्ट करोलबागेत मिळायचे, पण ते माझ्यासाठी नव्हते. मी मागच्या गल्लीत, जिथं मोडीत काढलेल्या गाड्यांचे ढीग असतात, तिथं गुडघ्यावर बसून शोधायचो. क्लचच्या प्लेटा एका गाडीच्या, केबल दुसरीची, कार्बोरेटरचं झाकण तिसरीचं. हेडलाइटची काच मिळाली ती जराशी तडकलेली. घरमालकाच्या खिडक्यांना लावून उरलेला हिरवा ऑइलपेंट होता, तो ब्रशनं टाकीला मारला. जवळून बघितलं तर केस दिसायचे ब्रशचे. जवळून बघायला कोणाला बोलावलंय?

सीट फाटलेली होती. माझ्या जुन्या होल्डॉलचं रेक्झिन कापून हिनं कव्हर शिवलं, हातानं, दाभण घेऊन.

"मला तो फ्लॅट आवडलाय हो," शिवता शिवता म्हणाली. "तुमची ही चालो न चालो, मी जाणार आहे."

"मग शिवतेस कशाला?"

"मागं मला बसायचंय ना पानिपतपर्यंत. तुम्हाला काय, तुम्ही पुढं."

बोअर, म्हणजे सिलिंडरची झिजलेली आतली भिंत खरवडून सारखी करणं, मात्र घरी होत नाही. सिलिंडर पिशवीत घालून लेथवाल्याकडं नेला. हरयाणाचा गडी, तोंडात विडी. सिलिंडर उजेडात धरून बघितला आणि म्हणाला, "ताऊ, इसकी तो तेरहवीं भी हो ली. तू इब बोर करावै सै?" म्हणजे हिचा तेरावासुद्धा उरकला, आणि तू आता बोअर करवतोस?

"तेरी तेरहवीं पे भी इसी पे बैठ के आऊँगा," मी म्हणालो.

तो इतका हसला की विडी पडली. मग नीट मोजून म्हणाला, "देख, यो आखरी बोर सै. इसके बाद दीवार में जान कोनी." म्हणजे एवढंच एकदा खरवडता येईल, पुढं भिंतच पातळ होईल. मी म्हटलं, कर. काम होईपर्यंत तिथंच उभा राहिलो. पिस्टन तेवढा नवा घेतला. तिथं जुनं चालत नाही.

नव्या पिस्टनला सुरुवातीला ऑइल जरा जास्त पाजावं लागतं आणि गाडी दामटायची नसते. मी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीच्या बुचानं ऑइल मापायचो, बाटलीत पेट्रोलबरोबर हलवायचो, मग टाकीत. महिनाभर शेजारच्या विद्यापीठाच्या झाडीतल्या रिकाम्या रस्त्यांवर नव्या सुनेला चालवावं तशी तिला चालवली. निळा धूर भरपूर निघायचा. मुलं पुन्हा नाक दाबायला लागली. मला बरं वाटायचं.

संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी मुलगा राहायला आला. आम्हाला निरोप द्यायला, असं म्हणाला. फटफटीभोवती दोन चकरा मारल्या. "बाबा, मानलं. बिल्कुल मानलं," म्हणाला. हे ऐकायला मी कित्येक वर्षं थांबलो होतो, पण आजवर कोणी मानलं असं म्हणालं नव्हतं.

सकाळी उठलो तर तो माझ्या आधी उठून बाहेर जाऊन आलेला. हातात दुधाची पिशवी. मला वाटलं, पोरगं सुधारलं. धुकं असं की समोरचा जिना दिसत नव्हता. मी स्वेटरच्या आत छातीला वर्तमानपत्र लावलं, हिलाही लावलं. दिल्लीच्या थंडीत गाडी चालवणारा दुसऱ्या कशावर भरवसा ठेवत नाही. हिनं शालीवर शाल घेतली, वर माकडटोपी, मांडीवर तिळगुळाचा डबा. ऑइलची बाटली मी डिकीत टाकली. टाकीत होतं ते वाटेतल्या मुरथळपर्यंत पुरेल असा माझा हिशेब होता, तिथं पंपावर भरून घेणार होतो.

स्टँडवरून उतरवताना ती जड लागली. म्हटलं, वय झालं.

पहिल्या किकला चालू झाली. मुलगा मागून ओरडला, "बाबा! धूर कुठंय? एकदम नवीन गाडीसारखी!"

मी वळून बघितलं. धुक्यात धूर कुठला आणि वाफ कुठली कळत नव्हतं, पण निळं काही नव्हतं. "पिस्टनच्या रिंगा बसल्या आता," मी सांगितलं. "बोअर माझ्यासमोर करून घेतलाय. धूर काय करायचाय?"

रिंग रोड, बस अड्डा, मग जीटी रोड. दिल्लीची हद्द ओलांडली तसं धुकं विरळ झालं आणि दोन्ही बाजूंना पिवळी मोहरी दिसायला लागली. ट्रकवाले हॉर्न देत होते, मी पण देत होतो. मागून ही म्हणाली, "सावकाश हो." मी सावकाशच होतो. पाठीला तिचा डबा टोचत होता. त्या दिवशी मला कोणी विचारलं असतं की बाबा, तुला आणखी काय पाहिजे, तर मी म्हणालो असतो, वाटेतून बाजूला हो.

सोनिपतचा फाटा गेला आणि आवाज बदलला. भरलेला आवाज असतो तो कोरडा झाला, पत्र्यावर खडे ओतावेत तसा. मी काय ते समजायच्या आत मागचं चाक करकचून जाम झालं. डाव्या हातानं आपोआप क्लच दाबला. एवढ्या वर्षांची सवय. घसरत घसरत कडेला मातीत उभा राहिलो. ही पडली नाही. डबाही पडला नाही.

किक हलेना. मी टाकीचं झाकण उघडलं, आणि बघतो तर पेट्रोल गळ्यापर्यंत. बोट बुडवून चोळलं. बोट लगेच कोरडं. ऑइल असलं की बोटाला चिकट राहतं.

"पोरानं पहाटे कॅन आणून भरलं," ही म्हणाली. "तुम्ही पैसे घेत नाही म्हणून गुपचूप. परत आल्यावर सांगू म्हणाला. पेट्रोल चांगलं आहे ना?"

"चांगलं आहे."

"मग?"

मी सांगितलं. माझं थोडं ऑइलवालं पेट्रोल त्याच्या एवढ्या नुसत्या पेट्रोलात विरून गेलं होतं. नवा पिस्टन इतका वेळ जवळजवळ कोरडाच धावला. धूर नव्हता तो त्यामुळं. ही शेजारच्या मोरीच्या कठड्यावर बसली. टोपी काढली.

"त्याला काय ठाऊक असणार हो? त्याच्या मोटरसायकलीत नुसतंच घालतात. आणि तुम्ही हिला त्याला कधी हात लावू दिलात?"

मी टाकीचं झाकण लावलं. मग तीच म्हणाली, "बसनं जाऊ या का पुढं? एवढं आलोय तर."

"हिला इथं टाकून?"

ही कठड्यावरून उठली नाही. इंजिन गार झाल्यावर किक हलली, पण आत दाबच नव्हता. फाटक्या पिशवीत फुंकर मारावी तसं. भिंत खरवडून गेली होती आणि पुढचा बोअर नव्हता.

दिल्लीकडं फुलकोबी घेऊन जाणारा एक टेम्पो थांबला. ड्रायव्हरनं आणि मी तिला कोबीवर आडवी घातली. पुढं आम्ही तिघं. हिनं डबा उघडून ड्रायव्हरला तिळगूळ दिला.

"माताजी, लोहड़ी तो कल हो ली," तो म्हणाला. तिकडं संक्रांतीच्या आदल्या दिवशी लोहडीला तीळ-गुळाचं वाटतात.

"ये लोहड़ी का नहीं है," ही म्हणाली. "ये लड़ाईवालों का है."

त्याला काय कळलं कोण जाणे. खाल्ला. आणखी एक मागितला.

वाटेत ही एकदा माझ्याकडं बघून म्हणाली, "त्याच्यावर ओरडणार असाल तर मला आधी मुनिरक्यात उतरवा." मी म्हटलं, "मुनिरक्यातच जातोय आपण."

मुलगा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. कशासाठी उभा होता कुणास ठाऊक, आम्ही संध्याकाळी येणार होतो. टेम्पो बघितला आणि त्याचं तोंड उतरलं. खरं उतरलं. ती परत यावी असं त्याला वाटत होतं हे मला तेव्हा कळलं.

"काय झालं, बाबा?"

मी खाली उतरलो. गुडघे थंडीनं आखडले होते. आयुष्यात मी कोणाचं ऐकून घेतलं नाही. साहेबाचं नाही, लेथवाल्याचं नाही. "म्हातारी झाली होती रे," मी म्हणालो. "तू म्हणत होतास तेच खरं."

"सॉरी, बाबा. मी टाकी पण फुल करून दिली होती. सांगणार होतो."

"कळलं मला. चांगलं केलंस."

ही डबा घेऊन जिना चढून गेली, मागं न बघता.

कबाडी आला तेव्हा टाकीतलं पेट्रोल मी नळीनं काढून घेतलं. मुलानं ते त्याच्या मोटरसायकलीत ओतलं. तिला ते बिल्कुल चाललं. सीटचं कव्हर हिनं उसवून ठेवलं, आम्ही फ्लॅटवर राहायला गेल्यावर त्याची भाजीची पिशवी झाली, पण भाजी वर येत असल्यामुळं ती पिशवी कधी बाहेर गेली नाही.

हे सगळं मराठीत लिहितोय ते बरं आहे. मुलाला मराठी बोलता येतं, वाचायला लागला की दुसऱ्या ओळीवर कंटाळतो.

आता दर संक्रांतीला तो आम्हाला कारमधून पानिपतला नेतो. एक वर्ष चुकवत नाही. ही पुढं बसते, तिला मागं मळमळतं. मी मागं. काच बंद, हीटर चालू, छातीला वर्तमानपत्र लावायची गरज नाही. मुरथळच्या अलीकडं नवा पूल झालाय, तिथं आला की तो दर वेळी वेग कमी करतो आणि आरशातून माझ्याकडं बघतो.

"बाबा, इथंच बंद पडली होती ना?"

ती जागा बरीच मागं गेलेली असते. मोरी रस्ता रुंद करताना बुजवली.

"हो," मी म्हणतो. "इथंच."