आजोबांची धून आणि गिटारचा प्लग

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत लेकीने व्हायोलिनच्या गजाला राळ चोळली आणि त्या वासासरशी मला तरुणपणी शिकागोत पाहिलेला तो आयरिश पब आठवला. पंक बँडचे ड्रम्स कानठळ्या बसवत होते आणि माझ्याच वयाचा एक पोरगा त्याच्या आजोबांची जुनी लोकधून व्हायोलिनवर सुसाट वाजवत होता. आजोबा पुढ्यात बसून टेबल बडवत "लाउडर!" म्हणून ओरडत होते. माझा नुसता जळफळाट झाला. आदल्याच गणपतीत मी आरतीला इलेक्ट्रिक गिटार वाजवली, तर मंडळाच्या जोशीकाकांनी प्लगच उपटला होता.

आज लेकीने मैत्रिणीच्या इलेक्ट्रिक गिटारच्या दणक्यात तीच आरती वाजवली. आता वयाने थकलेले जोशीकाका टाळ्या वाजवत म्हणाले, "वा बेटा, अजून मोठ्यांदा!"

सगळे कौतुकाने लेकीकडे बघत होते. मी मात्र गिटारच्या न उपटलेल्या प्लगकडे बघत होतो.