जयवंताची चूल

जयवंताचे डोळे देवीच्या साथीत गेले, तेव्हा तिचं लग्न झालं होतं, पण सासरी नांदायला ती गेली नव्हती. सासरहून मग बोलावणं आलंच नाही. तेव्हापासून अकोल्याजवळच्या खेड्यात भाऊ पंजाबराव आणि भावजय वच्छला यांच्याकडे ती राहत होती. आता तिशी उलटली होती. भाऊ वाईट होता असं कुणी म्हणू नये. उलट इतका चांगला, की बाईचा जीव गुदमरावा. पाणी हवं म्हणेस्तोवर तांब्या हातात. उठायचं मनात आलं की कुणीतरी दंड धरलाच.

शेजारी आयशाबी राहायची, पिंजाऱ्याची विधवा. तिच्या नवऱ्याची नजर म्हातारपणी गेली होती, म्हणून आंधळ्या माणसाला काय नको असतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. एका दुपारी जयवंता तिला म्हणाली, "आयशाबी, मले भाकर शिकव. आपल्या हातची खाऊन मराव वाटते."

पण शिकवायचं कसं? आयशाबीनं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं असतं तर चूल बाटली असती. मग ती उंबऱ्याबाहेर पोतं टाकून बसली आणि तोंडानंच सांगू लागली. "हात वरून नोको नेऊ. जमिनीवरून सरकव. झळ लागली की थांब." "तव्यावर पानी शिंपड. चर्र वाजलं? आता टाक भाकर." जयवंताची बोटं भाजली, भाकरी मोडल्या, एक तर सरळ राखेत गेली. आयशाबीला वाटे, धावत जाऊन तो हात धरावा. पण शिवाशिव आडवी यायची. आणि कुणी हात धरत नव्हतं, म्हणूनच जयवंता शिकली. ज्या विटाळाच्या नावानं आयशाबीनं जन्मभर बोटं मोडली, तो असा कामी यावा याचं तिला हसू यायचं.

पावसाळा सरता सरता जयवंताच्या हातचं वरण-भाकर पंजाबरावाच्या ताटात पडलं. त्यानं आणखी एक भाकर मागून घेतली. तीच वेळ साधून ती म्हणाली, "दादा, मले गोठ्यामागं एक खोली बांधून दे. आपलं आपलं राहीन मी. दुसरं काई मांगत नाही."

"कापसाले भाव आला तं देतो," तो म्हणाला. तो शब्दाचा पक्का होता.

भाव आला. साता समुद्रापलीकडे गोरे आपसातच लढत होते म्हणे, आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल चढलं. आणखी चढेल म्हणून पंजाबराव विकेना. ओसरी, माजघर, सगळं आढ्यापर्यंत कापसानं भरलं. जयवंता घर ओळखायची ते आवाजावरून, भिंतीवरून परत येणाऱ्या आपल्याच पावलांवरून. कापसानं ते आवाज गिळले. ढीग रोज सरकायचे, काल वाट होती तिथं आज हाताला मऊ भिंत लागायची. बाजेवरून उठून जावं कुठं, ते कळेना. आणि विस्तवाचं तर नावच काढायचं नाही. "कापसाच्या घरात आंधळीच्या हाती विस्तव देऊ? घरादाराची होळी होईल," वच्छला म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं. तिनं चूल अंगणात हलवली आणि स्वतःच्या ताब्यात ठेवली. उंबऱ्याशी कापसानं ठासलेल्या गोणपाटी बोंदऱ्या रचल्या, तिथं आयशाबीचीही बसायची जागा गेली.

जयवंता दिवसभर बाजेवर. शिकलेलं विसरू नये म्हणून कधी कधी मांडीवरच हात थापायची. खोलीच्या आशेवर तिनं तो हंगाम काढला. नाहीतर त्या पांढऱ्या ढिगात ती वेडी झाली असती.

कापूस गेला आणि खोली उठली. पक्क्या विटा, सागाचं दार. वास्तूला गाव जेवायला बोलावलं. पंजाबरावानं तिला दाराशी आणून सोडलं. "जाय, पाह्य तुही खोली."

ती भिंतीला हात लावून चालली. पलंग लागला, त्यावर नवी गादी. कोनाडा लागला. खिडकी लागली. ती पुन्हा एकदा फिरली, या खेपेला खाली वाकून, जमीन चाचपत.

"दादा, चूल कुठी हाय?"

दारातली माणसं हसली. पंजाबराव पुढं आला. "चूल कायले व, बाई? सुभद्राले ठेवलं ना तुह्यासाठी. दोन्ही वखत ताट आणून देईल. मायले मरताना शब्द देला होता मी. आता तुले इकडची काडी तिकडं करा लागणार नाही."

असा भाऊ लाखात एक, कुणीतरी म्हणालं. जयवंता खोलीच्या मधोमध उभी राहिली. तिला त्याचा रागही येईना, आणि तेच फार वाईट होतं. रागवायला समोर दुष्ट माणूस तरी लागतो.

"तेवढीच काडी मांगतली होती, दादा," ती म्हणाली.

पंजाबराव तोवर पंगतीकडे वळला होता. नवी बाई सुभद्रा पुरणपोळीचं ताट घेऊन आत आली. तिनं जयवंताला पलंगावर बसवलं आणि पहिला घास तिच्या तोंडाशी धरला.